न झाडलेली घोंगडी

चावीवाल्या मामांना पृथ्वीच्या पोटातलं ऐकू येत असे. पृथ्वीच्या म्हणजे आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या चेंबरच्या. त्याहून खोल जाण्याचा त्यांचा दावा नव्हता. पाणी सोडण्याची ती पुरुषभर उंचीची लोखंडी चावी ते चेंबरमध्ये उतरवायचे, तिचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर टेकवायचे आणि वरच्या आडव्या मुठीला कान लावून डोळे मिटायचे. मग सांगायचे, "दवाखान्याच्या चौकात आलंय." थोड्या वेळानं, "आता देवळापाशी वळालं." आणि कधी कधी, "मधी कुणीतरी फोडलंय, आज काय खरं नाय." पाऊण तासानं पाणी त्यांनी सांगितलेल्या गल्लीत पोचत असे. किंवा पोचत नसे, पण तेही त्यांनी आधी सांगितलेलं असे. खात्यानं या कामासाठी एक परदेशी यंत्रही मागवलं होतं. ते खोक्यातच होतं, कारण त्याची बॅटरी इकडे मिळत नव्हती. मामांना बॅटरी लागत नसे.

चावी एका खांद्यावर आणि दुसऱ्या खांद्यावर काळी घोंगडी, असा त्यांचा वेश बारमाही होता. भर मे महिन्यात घोंगडी घेऊन फिरणाऱ्या माणसाकडे लोक बघत. एकदा मीही विचारलं. मामा म्हणाले, "सर, घोंगडी थंडीसाठी असती हे तुमाला कुणी सांगितलं?" आणि तिची चौघडी घालून ती तापलेल्या डांबरावर टाकली, तिच्यावर गुडघे टेकले आणि कामाला लागले. काम झाल्यावर ती झाडली, खांद्यावर टाकली. बसताना घोंगडी अंथरायची आणि उठताना झाडायची, यात त्यांचा हात कधी चुकल्याचं मी पाहिलं नाही. एकदाच पाहिलं. ते पुढे येईल.

मामा मूळचे पाचोडच्या बाजूचे, मेंढपाळाच्या घरातले. एका दुष्काळात वाडग्यातलं, म्हणजे मेंढ्या कोंडायच्या आवारातलं, पाणी संपलं, मग गावातलं संपलं, मग चारशे पावलं चालणंही मेंढ्यांना जमेना, तेव्हा त्यांनी सगळा कळप गाडीत घालून पाचोडच्या बाजारात नेला, विकला आणि तिथूनच पायी शहराची वाट धरली. घरी परत गेले नाहीत. रिकाम्या वाडग्यासमोरून जायचं नव्हतं, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. शहरात पाणी खात्यात रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले. "मेंढ्या गेल्या, पर पाणी पाजायचं काम काय सुटलं नाय," असं ते म्हणत. यात विनोद किती आणि हिशेब किती हे मला कळायला बरीच वर्षं लागली.

कारण ते आम्हाला खरोखरच मेंढ्यांसारखं पाणी पाजत. कळप पाण्यावर नेला की धडधाकट मेंढ्या आपोआप पुढे घुसतात, म्हणून मामांच्या घरची रीत अशी की लंगड्या, म्हाताऱ्या आणि लेकुरवाळ्या आधी सोडायच्या आणि धटिंगणांना काठी आडवी धरून मागे ठेवायचं. मामांनी हीच रीत आमच्या कॉलनीला लावली. पाणी आलं की पुढच्या गल्ल्यांचा व्हॉल्व्ह ते अर्धा तास जवळजवळ बंद ठेवत, म्हणजे टेकडीमागच्या शेवटच्या गल्लीला दाब मिळे. मग हळूहळू पुढच्यांना सोडत. खात्याच्या नियमांत असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. खात्याच्या नियमांत शेवटची गल्लीच नव्हती.

मी राहायचो पहिल्या गल्लीत. कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, पाण्याच्या समान वाटपावर व्याख्यानं ऐकायला जात होतो आणि नळाला थेट मोटार लावत होतो. आमच्या गल्लीत सगळ्यांनीच लावली होती. मोटार लावली की मागच्यांचं पाणी आपल्या टाकीत येतं, हे कळण्याइतकं विज्ञान सगळ्यांना येत होतं. एक दिवस मामा फाटकाशी थांबले, चावी जमिनीला टेकवली, कान लावला आणि म्हणाले, "सर, तुमची मोटार लई तहानलेली हाय बरं का. दवाखान्यात दाखवा तिला."

मी ओशाळून बंद केली. ते वळणावर गेल्यावर पुन्हा चालू केली. वळणावरून आवाज आला, "चालू झाली सर, ऐकू यायलंय!"

त्या काळी आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येई. आठवडा सात दिवसांचा असतो हे मात्र गृहीत धरू नये. धरणाचा साठा खाली गेला की आठवडा लांबायचा. आणि त्याच वर्षांत शहर सगळ्या बाजूंनी वाढत होतं. बीड बायपासला रोज एक नवी इमारत उभी राहायची आणि तिला एखाद्या नदीचं नाव दिलं जायचं. पैठण रोडनं बिडकीनकडे जाताना रुंद रस्ते, दिव्यांचे खांब आणि आखलेले चौक दिसायचे. कारखाने यायचे होते. टेकडीमागची शेवटची गल्लीही याच वाढीतली. गावं सोडून आलेली तीस-पस्तीस घरं, पत्र्याची आणि अर्धवट विटांची. त्यातलंच एक घर मामांचं. म्हणजे ज्या माणसाच्या हातात आमच्या सगळ्यांच्या पाण्याची चावी, त्याचं घर पाण्याच्या अगदी शेपटाला. तिथवर जाणारा पाईप मनगटाएवढा होता, चढाचा होता आणि वाटेत आमच्या मोटारी होत्या.

यावर उपाय साधा होता आणि तो मामांनीच सुचवला होता. वरच्या टाकीपासून टेकडीच्या कडेनं एक सरळ स्वतंत्र लाईन टाकायची. खड्डा गल्लीतली माणसं खणून देणार, खात्यानं फक्त पाईप आणि एक व्हॉल्व्ह द्यायचा. अर्ज गेला, साहेब बघून गेले, फाईल तयार झाली. भिजत घोंगडं असं आपण म्हणतो, पण आमच्या शहरात घोंगडं भिजायलाही पाणी लागतं. फाईल कोरडीच पडून राहिली. "फिरायलीय," एवढंच मामा सांगत. फाईल फिरत होती त्या काळात मामी, म्हणजे मामांची बायको, टँकर आला की दोन निळे ड्रम आणि एक कळशी घेऊन टेकडीच्या पायथ्याशी नंबर लावत. पन्नाशी ओलांडलेली बाई, उंचनिंच, मोठ्या आवाजाची. नवऱ्याचा उल्लेख त्या 'आमचे इंद्रदेव' असा करत. "इंद्रदेवाच्या घरात बघा, कोरडी कळशी."

मग परिषद आली.

शाश्वत विकासावर विचार करण्यासाठी निरनिराळ्या देशांतले नेते आणि तज्ज्ञ एकत्र येणार होते आणि त्यांचं एक सत्र आमच्या शहरात व्हायचं ठरलं होतं. वेरूळ-अजिंठा जवळ असल्याचा हा फायदा. परिषदेचं नाव इतकं लांब होतं की जालना रोडवरच्या कमानीवर ते दोन ओळींत बसवावं लागलं, आणि दुसरी ओळ एका कडुनिंबाच्या फांदीआड गेली. फांदी तोडली. उड्डाणपुलांच्या खांबांवर हरणं आणि मोर रंगवले. दुभाजकांत एका आठवड्यात फुलझाडं उगवली, कुंडीसकट. ज्या हॉटेलात सत्र होतं त्याच्यासमोरच्या मोकळ्या जागेवर ट्रकमधून हिरवळीच्या गुंडाळ्या आल्या आणि सतरंजीसारख्या उलगडल्या गेल्या. मध्ये एक कारंजं बसवलं. हिरवळीला दिवसातून दोनदा पाणी लागतं, हे त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात आलं.

हॉटेलकडे जाणारी लाईन आमच्याच टाकीवरची होती. इंजिनिअर साहेब चेंबरपाशी येऊन मामांना म्हणाले, "मामा, पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे. मागच्या गल्लीची पाळी तेवढी तिकडं फिरवा. तिथं टँकर देतो आपण."

मामा म्हणाले, "साहेब, लिवून द्या."

"हे असलं लिहून देतात का कुठं? वरून हुकूम आहे."

"वरून मंजी टाकीवरून का?"

साहेब हसले नाहीत. मामांनीही मग वाद घातला नाही. नोकरी होती, निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. त्यांनी चावी उतरवली आणि स्वतःच्या गल्लीचा व्हॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद केला. पुढे ते ही गोष्ट सांगताना नेहमी उजवा हात पुढे करून सांगत, जणू हाताकडून साक्ष काढायची आहे. "ह्याच हातानं, सर. अठ्ठावीस आटे फिरवले."

टँकर आले, पण रोज नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टँकर थांबायच्या आत माणसं धावली, कोणीतरी पाईप ओढला, कोणीतरी ड्रम ढकलला आणि मामी खडकावर पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा त्या पलंगावर आडव्या होत्या, पायाला वजन बांधलेलं. आवाज मात्र तोच. "सर, इंद्रदेवाला इचारा, कारंजं कसं उडायलंय म्हनावं." मामा शेजारी घोंगडीवर बसले होते. त्यांनी मामींच्या उशाशी ठेवलेल्या तांब्याला हात लावून तो भरलेला आहे ना हे पाहिलं. मी तिथे होतो तेवढ्या वेळात तीनदा पाहिलं.

त्याच आठवड्यात परिषदेच्या एक समन्वयक मॅडम कॉलनीत आल्या. त्यांना 'तळागाळातला आवाज' हवा होता. तसा एक आवाज कार्यक्रमपत्रिकेत छापून झाला होता, फक्त माणूस मिळायचा होता. त्यांनी मामांना चावीला कान लावून बसलेलं पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सत्राचा विषय होता शेवटच्या घटकापर्यंत पोचण्याचा. मामांना चार मिनिटं बोलायचं होतं आणि मला त्याचं इंग्रजी करायचं होतं. मी लगेच होकार दिला. माझं नाव पत्रिकेत येणार होतं. उगाच खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. मी त्यांच्यासाठी एक भाषण लिहून ठेवलं होतं, त्यात जलसंस्कृती हा शब्द दोनदा होता. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तिथं कोण कोण असतंय?"

"देशोदेशीचे मोठे लोक. मंत्री, अधिकारी. आपलेही सगळे."

"साहेबांचे साहेब?"

"त्यांचेही साहेब."

मामांनी मांडीखालची घोंगडी सारखी केली. मग त्यांनी मला त्यांच्या वस्तीवरची जुनी रीत सांगितली. पाच-पन्नास वाड्यांची माणसं वर्षातून एकदा एका माळावर जमत. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं मधोमध आपली घोंगडी अंथरून बसायचं, जे असेल ते चार शब्दांत सांगायचं आणि मग गप्प राहायचं. जाणत्यांनी व्हय म्हणायचं किंवा नाय म्हणायचं. पण काहीतरी म्हणायचंच. तोवर तो उठत नाही, आणि तो उठत नाही तोवर बैठक उठत नाही. कोणी जेवत नाही, कोणी गावाला जात नाही. उत्तर मिळालं की तो घोंगडी झाडतो, मग सगळे उठतात. "माझ्या आज्यानं एकदा दोन दिस घोंगडी धरली व्हती," मामा म्हणाले. "'नाय' मिळालं त्याला शेवटी. पर मिळालं. नाय बी निकालच असतोय की."

मी ऐकत होतो. आत्तापर्यंत मी अशा बारा-पंधरा परिषदांना श्रोता म्हणून बसलो असेन. तिथे काय होतं आणि काय होत नाही हे मला चांगलं माहीत होतं.

"सर, एवढी मोठाली माणसं एका जागी बसणार," मामा म्हणाले, "मंजी निकाल तर लागंलच ना?"

मी म्हणालो, "तुम्ही बोला तर खरं."

सत्राला जायच्या आधी ते दवाखान्यात गेले. मामींनी त्यांना बजावलं ते मी दारातून ऐकलं. "जावा. पर व्हय का नाय ते घेतल्याबिगर उठू नका. म्या आता ड्रम उचलायची नाय, तेवढं ध्येनात ठेवा."

सत्राच्या दिवशी मामा धुतलेलं धोतर, पांढरा सदरा आणि खांद्यावर घोंगडी अशा वेशात आले. चावी दारावरच्या सुरक्षारक्षकानं ठेवून घेतली. आत इतकं गार होतं की मे महिन्यात घोंगडी का घ्यावी याचं आणखी एक उत्तर मला मिळालं. प्रत्येक टेबलावर पाण्याच्या छोट्या बाटल्या होत्या. लोक एक घोट घेत, बाटली ठेवत, उठून दुसऱ्या टेबलावर जात आणि तिथली नवी उघडत. मामांचं लक्ष भाषणं होईपर्यंत त्या बाटल्यांवरच होतं. आमच्या आधी चार जण बोलले. चौघांनीही वेळ फार कमी असल्याचं सांगितलं आणि चौघांनीही तो ओलांडला.

मामांची पाळी आली. मी लिहिलेला कागद त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता, तो तिथेच राहिला. ते माईकपासून जरा लांब उभे राहिले आणि म्हणाले, "राम राम. मी पाणी सोडतो. आमच्या मागल्या गल्लीला पाणी येत नाय. टाकीपासून सरळ लाईन टाकली तर येतंय. खड्डा आमी खांदतो, पाईप तुमी द्या. ह्या बागंसाठी गल्लीचं पाणी मी माझ्या हातानं तोडलं, आन माझी मंडळी पडून हाय. एवढंच. द्याल का नाय ते सांगा."

मी एकही शब्द न गाळता ते इंग्रजीत सांगितलं. मी आयुष्यात केलेलं ते सर्वांत छोटं आणि सर्वांत अचूक भाषांतर असावं. मग टाळ्या सुरू झाल्या. त्या वाढत गेल्या, मागच्या रांगा उभ्या राहिल्या, त्या पाहून पुढच्याही राहिल्या.

मामा माझ्याकडे वळले. "सर, टाळ्या मंजी व्हय का नाय?"

मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते लांबच्या देशातले, पिकलेल्या केसांचे, अतिशय सभ्य गृहस्थ होते. ते म्हणाले, "या हृदयस्पर्शी मनोगताची आम्ही नोंद घेतली आहे."

मी मामांना सांगितलं, "त्यांनी नोंद घेतली."

"नोंद मंजी?"

"लिहून घेतलं."

"लिवून तर खात्यानं बी घेतलंय, सर. व्हय का नाय, ते इचारा."

अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. तेव्हा मामा पायऱ्या उतरले, व्यासपीठ आणि पहिली रांग यांच्यामधल्या मोकळ्या गालिच्यावर त्यांनी घोंगडी अंथरली आणि मांडी घालून बसले.

पहिली पाच मिनिटं सगळ्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. छायाचित्रकार पुढे सरसावले. एका तरुण परदेशी पाहुण्यानं बूट काढले आणि हात जोडून मामांच्या शेजारी गालिच्यावर बैठक मारली. त्याचेही फोटो निघाले. पुढचा वक्ता मामांच्या डोक्यावरून बोलला. सत्र संपलं आणि जेवण लागल्याची घंटा झाली. शेजारचा पाहुणा उठला, त्यानं मामांच्या खांद्यावर थोपटलं, बूट घातले आणि गेला. दहा मिनिटांत सभागृह रिकामं झालं. मामा बसले होते. मी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसलो होतो, कारण जावंसं वाटत नव्हतं आणि थांबून काय करायचं हेही सुचत नव्हतं.

समन्वयक मॅडम आल्या, त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या. "मामा, खूपच सुंदर बोललात तुम्ही. चला, जेवून घ्या ना, प्लीज."

"बाई, तुमी जेवून या," मामा अगदी मायेनं म्हणाले. "बैठक उठली नाय आजून. मी हाय हितंच."

"पण मामा, आता दुसरं सत्र आहे इथं. हवेवर."

"हवेचं बी लागंल की निकाल. आधी पाण्याचं हुंद्या."

मग इंजिनिअर साहेब आले. ते आधी हळू बोलले, मग दात आवळून बोलले. "मामा, काय तमाशा लावलाय? निवृत्तीला किती दिवस राहिलेत ते बघा."

मामा म्हणाले, "साहेब, नाय म्हना. एकदा नाय म्हना, मी झाडतो आन उठतो. तुमच्यावर राग नाय माझा."

साहेब नाय म्हणू शकत नव्हते. तो अधिकार त्यांना नव्हता. व्हय म्हणण्याचाही नव्हता. त्या संपूर्ण इमारतीत त्या दिवशी इतके अधिकारी होते आणि एका मनगटाएवढ्या पाईपला नाही म्हणू शकेल असा एकही नव्हता. साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांनी घाम पुसला, त्या गार सभागृहात.

सव्वा तास झाला. हवेवरच्या सत्राची माणसं दारात जमायला लागली. शेवटी दोन सुरक्षारक्षक आले. चांगली पोरं होती, आपल्याच भागातली. एक जण खाली वाकून म्हणाला, "चला बाबा, आमची बी नोकरी हाय." त्यांनी दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून मामांना अलगद उचललं. मामांनी अंग आखडलं नाही, आवाज केला नाही. उभं केल्यावर एकानं घोंगडी उचलायला हात घातला, तेव्हा मात्र मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळा. झाडायची नाय ती. आजून उत्तर आलं नाय."

घोंगडी तशीच गालिच्यावर अंथरलेली राहिली आणि मामा तिच्याविना दारापर्यंत चालत गेले. दारात ते थांबले, जवळच्या टेबलावरच्या एका न उघडलेल्या बाटलीकडे बोट करून मला म्हणाले, "ही एक नेऊ का मंडळीला?" मी हो म्हणालो. त्या दिवशी त्या सभागृहात त्यांना मिळालेलं ते एकमेव 'हो'.

परिषदेचा अहवाल पुढे प्रसिद्ध झाला. जाड, गुळगुळीत कागदाचा. त्यात मामांचा आणि त्या बूट काढलेल्या पाहुण्याचा पानभर फोटो आहे. खाली कोणाचंच नाव नाही. अंतिम ठरावात स्थानिक ज्ञानाचा आदर करावा असा एक परिच्छेद आहे. पाईपचा उल्लेख नाही. मामांची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामावर झाली. तिथे ऐकण्यासारखं काही नव्हतं. आमच्या चेंबरवर नवा माणूस आला, तो चावी फिरवायचा आणि मोटारसायकलवर बसून निघून जायचा. पुढच्या गल्ल्या सुखी झाल्या. शेवटच्या गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद होऊ लागली. मामी चालू शकल्या नाहीत. पाणी नसलेल्या घरात अंथरुणावरच्या माणसाचं करायचं कसं, हा प्रश्न कोणत्याच सत्रात नव्हता.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मामांनी नोकरी मुदतीआधीच सोडली. एक टेम्पो ठरवला, त्यात मामींचा पलंग चढवला आणि गावाकडे निघाले. गावाकडेही पाणी नव्हतं. पण तिथे चुलतभाऊ होते आणि सपाटी होती. जाता जाता टेम्पो माझ्या फाटकाशी थांबवला. मामी आतून ओरडल्या, "सर, चाललं बरं का इंद्रासन!" मामा उतरले, फाटकाशी उभे राहिले. खांदे दोन्ही मोकळे होते; चावी नाही, घोंगडी नाही. ते मला कसे तरीच अपुरे दिसले.

"सर, एक इचारू का?"

"विचारा ना."

"तिथं निकाल लागत नसतोय, हे तुमाला ठावं व्हतं का आधी?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. व्हॉल्व्हवर दांडा टेकवून ऐकताना त्यांचा चेहरा जसा होई, तसाच होता. मी म्हणालो, "मला वाटलं, लागेल."

"मला बी तसंच वाटलं," मामा म्हणाले. मी खोटं बोलतोय हे त्यांना नक्कीच ऐकू आलं असणार. ज्याला तीन गल्ल्यांपलीकडची मोटार ऐकू येते त्याला एवढं येतंच. ते निघाले, टेम्पोपाशी थांबले, फाटकालगतच्या नळाच्या पाईपवर सवयीनं तळवा ठेवला आणि म्हणाले, "तुमच्याकडं आलंय, सर. मोटार लावा."

मी त्या दिवशी मोटार काढून टाकली. वर्षभरानं परत बसवली. खालच्या मजल्यावर भाडेकरू आले होते.

मामी त्याच वर्षी पावसाळ्याआधी गेल्या. मामा त्यानंतर दोन वर्षं होते. पाचोडच्या बाजारात ते दिसत, असं कॉलनीतल्या एकानं सांगितलं. मेंढ्यांच्या बाजूला उभे राहत, घेत काही नसत. ते गेल्याची बातमी मला तेराव्यानंतर कळली. मी पत्र लिहायला बसलो, पण लिहायचं कोणाला, हे न सुचल्यामुळे ते राहिलं.

मध्यंतरी त्याच हॉटेलात एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाला वेळ होता म्हणून मी बाहेर हिरवळीकडे गेलो. कारंजं बंद पडलेलं आहे, हिरवळ मात्र चांगली आहे. कोपऱ्यात पाण्याची मोटार चालू होती आणि तिच्यावर एक काळी घोंगडी पांघरलेली होती. मी माळ्याला विचारलं, ही कुठली. तो म्हणाला, "कुठल्याशा मोठ्या मीटिंगनंतर हॉलमधी पडली व्हती साहेब. म्यानेजर फेकून द्यायला निघाले व्हते, म्या ठिवून घेतली. उन्हानं मोटार तापत नाय हिच्यामुळं."

"झाडता का कधी?"

"मोटारीवरची कशाला झाडायची?" तो म्हणाला, आणि पाईप घेऊन पलीकडे गेला. हिरवळीला दिवसातून दोनदा पाणी द्यावं लागतं.